गालिचा उचला, मग बोला

संगीत ऐकायला घरात ‘सिस्टिम’ बसवणारा माणूस पैसे एका ठरलेल्या क्रमाने खर्च करतो. आधी स्पीकर, मग अ‍ॅम्प्लिफायर, मग डॅक नावाची चपटी डबी, मग त्या डबीला शोभेल अशी वायर, आणि शेवटी ती वायर फरशीला टेकू नये म्हणून तिच्याखाली ठेवायचे लाकडी ठोकळे. एवढं करूनही आवाज दबलेला, बोथट, घसा बसल्यासारखा आला, तर दोष देण्याचाही क्रम ठरलेला आहे. पहिला आरोपी रेकॉर्डिंग, दुसरी वायर, तिसरं वीज कंपनीचं व्होल्टेज. हे तिघे निर्दोष सुटले की नजर भिंतींकडे वळते. इथवर पोचणं हेही शहाणपणच. अडीच चौरस मिलिमीटरच्या साध्या तांब्याच्या वायरचा पाच मीटरचा जोड घेतला, तर जाण्यायेण्याचा मिळून रोध होतो जेमतेम ०.०७ ओहम. आठ ओहमच्या स्पीकरपुढे त्याने पडणारा फरक एका डेसिबलच्या दहाव्या हिश्शाच्याही आत राहतो. याउलट त्याच खोलीत सोफ्याच्या या टोकावरून त्या टोकाला सरकलं, तर खर्जातल्या एखाद्या सुरात दहा डेसिबलचा फरक सहज पडू शकतो. म्हणजे संशयित बरोबर सापडला. गडबड होते ती पुढे. भिंतीकडे वळलेला माणूस काळ्या फोमच्या लाद्या मागवतो, पडदे दुहेरी करतो, गालिचा आणखी जाड घेतो, आणि आवाज पूर्वीपेक्षा जास्त बसतो. कारण दबलेल्या आवाजाच्या खोलीत मऊ वस्तू बहुधा कमी पडलेल्या नसतात, त्या आधीच जास्त झालेल्या असतात. अशा खोलीत काही आणण्याआधी तिच्यातलं काहीतरी बाहेर काढावं लागतं.

आवाज दबलाय म्हणजे नेमकं काय झालंय, हे तंबोरा चटकन सांगतो. चार तारा छेडल्या की जवारीमुळे प्रत्येक तारेतून वरच्या सुरांचा एक झोत निघतो आणि ख्याल त्या झोतावर उभा राहतो. दबलेल्या खोलीत तारा ऐकू येतात, झोत मात्र येत नाही. साथीला तंबोरा आहे हे कव्हरवर वाचून कळतं. तबल्याची चाट विझलेली असते, आणि डग्ग्याचा एक घुमारा संपायच्या आत दुसरा त्याच्यावर येऊन बसतो. स, श, च यांसारख्या वर्णांची बरीचशी ताकद चार हजार हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्या वर असते. तीच गेल्याने गाण्याचे शब्द ऐकण्यापेक्षा आठवावे लागतात. जुनं नाट्यगीत त्यातूनही निभावतं, कारण ते पाठ असतं. नवीन गाणं असेल तर शेजारी बसलेल्याला विचारावं लागतं, आणि त्यालाही ते समजलेलं नसतं. वर कानाचाही एक स्वभाव आहे: खालचा सूर जोरात असला की त्याच्या आडोशाला वरचा नाजूक सूर झाकला जातो. म्हणजे वरचे सूर आधी खोलीने गिळले, आणि जे थोडे उरले ते रेंगाळणाऱ्या खर्जाने झाकले. तेव्हा तक्रार एक दिसली तरी गुन्हे दोन आहेत, आणि दोन्हींवर एकच औषध चालत नाही. सगळा घोळ तिथेच आहे.

मऊ वस्तूंवरची आपली श्रद्धा तशी साधार आहे. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयात नवं व्याख्यानगृह उघडलं आणि तिथे व्याख्यान सोडून सगळं ऐकू येऊ लागलं. एकदा उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंदांच्या आसपास घुमत राहायचा. तेवढ्या वेळात वक्त्याचं वाक्य पूर्ण व्हायचं आणि श्रोते पहिल्या शब्दापाशीच असायचे. दुरुस्तीचं काम वॉलेस सबाइन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाकडे आलं. त्याने जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या आसनांच्या गाद्या रात्री वाहून आणल्या, ऑर्गनची एक नळी वाजवून आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजलं, आणि सकाळ व्हायच्या आत गाद्या जागच्या जागी पोचवल्या. विद्यापीठात याला संशोधन म्हणतात. आपल्याकडे सोसायटीच्या कमिटीने यावर नोटीस काढली असती. त्या गाद्यांच्या हेलपाट्यांतून १८९८ मध्ये एक सूत्र निघालं. खोलीचं घनफळ जितकं जास्त तितका आवाज रेंगाळतो, आणि खोलीतलं शोषण जितकं जास्त तितका तो लवकर विरतो. शोषण मोजायला त्याने उघडी खिडकी हेच माप धरलं, कारण खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. १९०० साली उघडलेला बोस्टनचा सिम्फनी हॉल याच हिशेबाने बांधला गेला. या कथेतलं ‘गादी आणली की आवाज सुधारतो’ एवढं जगाने लक्षात ठेवलं. पण सबाइनची ती नळी होती ५१२ कंपनांची, म्हणजे मधल्या सुराची. पुढे त्यानेच खालचे-वरचे सूर लावून पाहिलं, तेव्हा एकच वस्तू वेगवेगळ्या सुरांना वेगवेगळं गिळते हे दिसून आलं. गादी निवडून खाते. कथेचा हा उत्तरार्ध फोमच्या जाहिरातीत नसतो.

आता हाच हिशेब आपल्या हॉलला लावू. १० बाय १५ फुटांचा हॉल, उंची साडेनऊ फूट. घनफळ झालं सुमारे ४० घनमीटर. ताबा मिळाल्याच्या दिवशी त्यात फक्त विटांवरचा गिलावा आणि व्हिट्रिफाइड टाइल्स असतात. सगळं मिळून शोषण दोन चौरस मीटर उघड्या खिडकीएवढं धरलं, तर आवाज विरायला तीन सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. नारळ फोडतानाच्या टाळ्यांचा तो खणखणाट सगळ्यांच्या ओळखीचा आहे, आणि ‘फर्निचर आलं की बसेल’ हे भाकीतही. ते खरं ठरतं, पण अर्धंच. काँक्रीटवर अंथरलेला जाड गालिचा २००० हर्ट्झला आपल्यावर पडणाऱ्या आवाजाचा साधारण ६० टक्के भाग गिळतो आणि १२५ हर्ट्झला फक्त दोन टक्के. चुण्या घातलेला मखमली पडदा वर ७० टक्के, खाली १४. दहा चौरस मीटर गालिचा आणि सहा चौरस मीटर पडदे असे धरले, तर वरचे सूर अर्ध्या सेकंदात विरतात, खालचे दोन सेकंद घुमत राहतात. हा चौपटीचा फरक म्हणजेच दबलेला आवाज. आता यावर इंचभर जाडीच्या फोमच्या दहा चौरस मीटर लाद्या चिकटवा. वरचे सूर ०.३ सेकंदावर येतात, खालचे दीड सेकंदाच्या पुढेच अडतात, आणि चौपटीचा फरक पाचपट होतो. पैसे गेले, भिंत काळी झाली आणि दुखणं वाढलं. छोट्या खोलीत खर्जाच्या सुरांना सबाइनचं सूत्र काटेकोर लागू पडत नाही, हा आक्षेप कोणी घेतला तर तो बरोबर आहे. तिथे मोजके सूर खोलीच्या मापात नेमके बसतात आणि तेवढेच बेसुमार फुगतात. पण त्यामुळे खर्जाची बाजू सूत्रात दिसते त्याहून वाईट ठरते, त्यामुळे या आक्षेपाने फोमवाल्याची सुटका होत नाही.

फोमला खर्ज का झेपत नाही याचं कारण त्याच्या जाडीत आहे. ध्वनी म्हणजे हवेची ये-जा. सच्छिद्र वस्तू त्या ये-जा करणाऱ्या हवेला घासते आणि आवाजाची ऊर्जा उष्णतेत मुरवते. पण भिंतीला अगदी लागून हवेला हलायला जागाच नसते. ती सर्वांत जोरात हलते भिंतीपासून पाव लहर अंतरावर. २००० हर्ट्झची लहर १७ सेंटिमीटरची, तिचा चौथा हिस्सा चार सेंटिमीटर. तिथे इंचभर फोमची बऱ्यापैकी वर्णी लागते. १२५ हर्ट्झची लहर नऊ फुटांची, तिचा चौथा हिस्सा सव्वादोन फूट. तिच्यापुढे इंचभर फोम असून नसल्यासारखा. अंड्यांच्या ट्रेबद्दल तर बोलायलाच नको. कागदाच्या लगद्याची ती काही मिलिमीटरची चादर वरचे सूर थोडे कुरतडते, खर्जाला हात लावत नाही, शेजाऱ्याकडे जाणारा आवाज अडवत नाही आणि ठिणगी पडली तर मात्र मनापासून पेट घेते. शाकाहारी घरात ही सजावट केली तर ‘एवढी अंडी खाल्ली कोणी’ या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवावं लागतं, ते वेगळंच. शिवाय फोमचे हे सल्ले येतात बहुतेक अमेरिकेतून, जिथल्या घरांच्या भिंती लाकडी चौकटीवर ठोकलेल्या जिप्सम बोर्डाच्या असतात. अशी भिंत स्वतः थरथरते आणि १२५ हर्ट्झचा पाव हिस्सा तरी गिळून टाकते. तिथे खर्ज आपोआप कमी होतो, म्हणून त्यांना वरच्या सुरांची काळजी. आपली गिलाव्याची भिंत त्याच सुराचे दोन-तीन टक्केही घेत नाही. त्यातून ज्या १० बाय १० च्या बेडरूमला हौसेने ‘म्युझिक रूम’ म्हटलं जातं, तिची लांबी, रुंदी आणि उंची जवळजवळ सारखी असते. दोन भिंतींमध्ये नेमकी बसणारी लहर तिन्ही दिशांना ५६ ते ५९ हर्ट्झच्या आसपास येते, आणि तिन्हींचा घुमारा एकाच सुरावर साठतो. ध्वनिशास्त्राला सर्वांत नकोसा वाटणारा आकार म्हणजे घन, आणि बिल्डरला सर्वांत आवडणाराही तोच.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. जुन्या बैठकी तर गादी-लोड, तक्के आणि सतरंज्यांवरच रंगल्या, तिथे का नाही कोणाचा आवाज दबला? पण त्या बैठकीत आणखी काय होतं ते पाहा. वाड्याच्या दिवाणखान्याला लाकडी तक्तपोशी, बऱ्याचदा पाटण केलेली जमीन, आणि चौकाकडे उघडणारी दारं. पातळ लाकूड खर्जाला थरथरून गिळतं, आणि उघडं दार तर सबाइनचं मापच. म्हणजे वरचे सूर गाद्यांनी कमी केले तसे खालचे लाकडाने आणि दारांनी कमी केले, तोल राहिला. शिवाय गवई समोर बसून गात होता. त्याला कोपऱ्यातल्या शोकेसच्या खणात कोंबून, वर फुलदाणी ठेवून ‘गा’ म्हणायची पद्धत नव्हती. स्पीकरला आपण नेमकं तेच करतो. मागे एक भिंत आली की खर्ज सहा डेसिबलपर्यंत चढतो, कोपरा मिळाला की आणखी. मग ऐकणाऱ्याचा सोफाही मागच्या भिंतीला चिकटवलेला, जिथे खर्जाचा दाब सर्वांत जास्त. फुगवणारा एका भिंतीला, फुगलेलं ऐकणारा दुसऱ्या भिंतीला, आणि दोघांच्या मध्ये वरचे सूर खाणारा गालिचा: हॉलची ही मांडणी सर्वत्र इतकी सारखी आहे की ती कोणीतरी आवाज दाबण्यासाठीच ठरवून दिली असावी, असं वाटतं.

म्हणून इलाजाचा क्रम खर्चाच्या क्रमाच्या बरोबर उलटा लावायला हवा. पहिल्यांदा काढणं. ऐकायला बसताना गालिचा गुंडाळून ठेवावा, पडदे पूर्ण बाजूला सारावेत. पडद्यामागची काच वरचे सूर परत पाठवते आणि स्वतः थरथरून खर्जाचा थोडा वाटा घेते. पॅसेजचं दार उघडं ठेवलं तर खर्जाला बाहेर पडायला वाट मिळते, मात्र त्याच वाटेने कुकरची शिट्टी आत येते; त्यामुळे विलंबित ख्याल आणि वरणभाताची वेळ एक नसावी. दुसऱ्यांदा सरकवणं. स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे, सोफा मागच्या भिंतीपासून खोलीच्या साधारण एक तृतीयांश अंतरावर. तिसऱ्यांदा विखुरणं, कारण गालिचा उचलल्यावर समोरासमोरच्या भिंतींत टाळीचा खडखडाट परत येऊ शकतो. एकाने नेहमीच्या जागी बसायचं, दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यायचा. आरशात स्पीकर दिसला की आवाज तिथूनच उडून कानावर येतो असं समजायचं. त्या जागी पुस्तकांची मांडणी हवी. मानफ्रेड श्रोडर या जर्मन शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात, आवाज विखुरण्यासाठी कमीजास्त खोलीच्या खाचा गणिताने कशा ठरवायच्या हे दाखवून दिलं. पुस्तकांच्या मांडणीत ते गणित नसतं, पण कथासंग्रह, शब्दकोश आणि वीस वर्षांचे दिवाळी अंक एका फळीवर आले की उंच-सखलपणा आपोआप येतो. पुस्तकं मात्र एका रेषेत नीट लावायची नाहीत. अव्यवस्थेला शास्त्राचा पाठिंबा मिळण्याची संधी घरात क्वचितच येते.

एवढ्यावर भागलं नाही तरच चौथी पायरी, म्हणजे आणणं. आणि आणायचं ते जाड. चार इंच रॉकवूल, मागे चार इंच पोकळी, जागा शक्यतो कोपऱ्यात. दबलेल्या खोलीसाठी यात एक खुबी आहे: रॉकवूलच्या तोंडावर आधी प्लास्टिकचा पातळ कागद ताणायचा, मग त्यावर कापड. खर्जाची लहर कागदाला हलवून आत शिरते, वरचे सूर कागदावरून परत फिरतात. जे नको ते मुरतं, जे हवं ते वाचतं. आपल्याकडे तर याहून स्वस्त सोय आहे. पिंजाऱ्याकडून नव्याने पिंजून घेतलेल्या कापसाच्या दोन गाद्यांच्या जाड वळकट्या कोपऱ्यात उभ्या केल्या तर ५६ हर्ट्झवर त्यांचा फारसा जोर चालणार नाही, पण डग्गा जिथे घोळ घालतो त्या शे-दोनशे हर्ट्झच्या पट्ट्यात त्या काम करतात. गादी पिंजलेली हवी. वर्षानुवर्षं दबून पापड झालेल्या कापसात हवेला शिरकाव नसतो. जिप्समचं फॉल्स सीलिंग दिव्यांच्या हौसेपोटी आधीच केलेलं असेल, तर त्या थरथरणाऱ्या पातळ छताने खर्जाचा काही भार नकळत उचललेलाच असतो. सुताराने ते ध्वनिशास्त्र म्हणून केलेलं नसतं, आणि म्हणूनच त्याने ते वाजवी दरात केलेलं असतं.

‘एवढा उपद्व्याप कशाला, इक्वलायझर आहे की,’ हा पुढचा आक्षेप. इक्वलायझरने फुगलेला सूर खाली ओढता येतो, आणि तेवढा उपयोग जरूर करावा. पण खोलीत काही जागी परतलेली लहर मूळ लहरीला खोडून काढते. तिथे इक्वलायझरने जोर लावला की खोडणारी लहरही तितकीच वाढते. आणि दबलेला आवाज उजळायला ट्रेबल चढवणं म्हणजे आमटी खारट झाली म्हणून गूळ घालत जाणं. शेवटी दोन्ही चवी ठळक होतात आणि आमटी जाते. हेडफोन लावावा म्हणणाऱ्यांचं बरोबर आहे, खोली त्यात अजिबात येत नाही. पण मग समेवर कोणाकडे बघून मान हलवायची, हा प्रश्न उरतो. कानाला सवय होते म्हणणारेही खोटं बोलत नाहीत. मेंदू खोलीचा रंग बराचसा वजा करतो. मात्र जे सूर कानापर्यंत पोचलेच नाहीत, ते तो वजाबाकी करून परत आणू शकत नाही. राहिला घरच्यांचा आक्षेप, की घर आहे, स्टुडिओ नाही. तो मान्य करूनच वरची यादी केली आहे: पुस्तकं, गाद्या, उघडं दार, सरकलेला सोफा. काळ्या फोमने मढवलेल्या भिंतीपेक्षा यातली कुठलीही गोष्ट घरासारखी दिसते.

मग हे इतकं सरळ असताना सल्ला नेहमी आणखी मऊ वस्तू घेण्याचाच का मिळतो? कारण काढा, सरकवा आणि उघडा या तीन गोष्टींची एमआरपी नसते. फोमला बिल होतं, वायरला वॉरंटी असते, लाकडी ठोकळ्यांचे फोटो काढून मित्रांना पाठवता येतात. सोफा पुढे ओढला, यावर कोणाला कमिशन मिळत नाही आणि मित्र त्याबद्दल हेवाही करत नाहीत. दुकानदाराने गिऱ्हाइकाला ‘घरी जा, गालिचा गुंडाळा आणि आठवड्याने या’ असं सांगितलं, तर आठवड्याने येणारा माणूस बहुधा काही घेण्यासाठी येणार नाही, आभार मानायला येईल, आणि आभारावर जीएसटी लागत नाही. त्यात या सल्ल्याची एक बाजू गिऱ्हाइकालाही गैरसोयीची आहे. वायर बदलायला फक्त पैसे लागतात. सोफा हलवायला घरातल्या माणसांची संमती लागते. म्हणून बरेचजण वायरच बदलतात.